गाळा घेतानाच गाळा सोडण्याची बोलणी

शटर खाली ओढून झाल्यावर ताईंनी चावी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुम्हीच द्या मालकांना. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

कोथरूडमधला तो 220 चौरस फुटांचा गाळा. आत ग्रॅनाइटचा ओटा, ओट्यावर मोठ्या तव्यांच्या काळ्या खुणा, भिंत फोडून बाहेर काढलेला एक्झॉस्टचा पत्र्याचा नळ, वर पोटमाळा, दाराशी थ्री-फेजचा मीटर. हे सगळं ताईंनी स्वतःच्या पैशांनी केलं होतं, त्यातले काही पैसे बांगड्या मोडून आले होते. चौदा महिन्यांपूर्वी पाडव्याला पोळीभाजी केंद्राचं उद्घाटन झालं तेव्हा मी पेढा खाल्ला होता. सहा महिन्यांत समोर रस्त्याच्या कामाचे पत्रे लागले. स्कूटर लावायला जागा उरली नाही. ऑफिस सुटल्यावर जाता जाता भाजी बांधून नेणारी माणसं दुसऱ्या रस्त्यानं घरी जायला लागली. दिवसाला 300 पोळ्या जायच्या त्या 90 वर आल्या, आणि दोन बायकांचा पगार अंगावर पडायला लागला.

करार पाच वर्षांचा. त्यातली पहिली तीन वर्षं, म्हणजे 36 महिने, लॉक-इन; या काळात गाळा सोडला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. भाडं महिना 45,000. डिपॉझिट सहा महिन्यांचं, 2,70,000. चौदा महिन्यांनी बाहेर पडायचं म्हटल्यावर उरलेल्या 22 महिन्यांचं भाडं होत होतं 9,90,000. गाळ्यावर केलेला सगळा खर्च सात लाखांच्या आसपास. म्हणजे दुकान उभं करायला जेवढे पैसे लागले, त्याहून जास्त ते बंद करायला लागणार होते. शेवटी बरीच रदबदली झाली. ताईंनी डिपॉझिटवर पाणी सोडलं, ओटा, पोटमाळा, एक्झॉस्ट सगळं तिथंच ठेवलं आणि सुटका करून घेतली. दोन महिन्यांत त्याच ओट्यावर दुसऱ्या कुणीतरी मोमोज विकायला सुरुवात केली.

मी 19 वर्षं छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यांचे जीएसटीचे कागद सांभाळतो. धंदा बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. धंद्यात तसं होतंच, आणि माणूस त्यातून उठतोही. पण दुकान बंद करता न आल्यामुळे खोल गेलेली माणसं पाहिली की जीव तुटतो. महिना तीस हजारांचा तोटा सहन करत ती दीड दीड वर्षं शटर उघडत राहतात, कारण शटर कायमचं ओढायचं तर आठ-दहा लाख एकदम लागतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अशा वेळी सोनं जातं, मग भावाकडून उसने, मग क्रेडिट कार्ड. धंद्यातला तोटा घरात शिरतो तो इथून.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की गाळा सोडायचा कसा, याची बोलणी गाळा घेतानाच, सही व्हायच्या आधी, कागदावर झाली पाहिजेत. आणि ती प्रत्येकाच्या हुशारीवर न सोडता राज्य सरकारनं छोट्या व्यावसायिक जागांच्या कराराचा भागच करून टाकली पाहिजेत.

हे बोललं की पहिली अडचण येते ती आपल्या घरातूनच. नवीन दुकानाचा करार घेऊन कुणी माझ्याकडे आलं आणि मी विचारलं, "नाही चाललं तर कसं बाहेर पडणार?" की सोबत आलेले वडील किंवा सासरे लगेच म्हणतात, "शुभ बोल रे नाऱ्या!" त्यांचा राग मला कळतो. नारळ अजून फुटायचा आहे आणि हा माणूस बंद करायच्या गोष्टी करतोय. पण ज्या मातीत आपण शुभाशुभाचं बोलतो, त्याच मातीतल्या गड बांधणाऱ्यांनी एकच दरवाजा असणं हा गडाचा मोठा दोष मानला. रायगडावर महादरवाजाइतकीच चोरदिंडीही विचारपूर्वक बांधलेली आहे. ती बांधणाऱ्यांचा गडावर विश्वास नव्हता, असं कोण म्हणेल? वेढा पडल्यावर तटाला भोक पाडता येत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं.

कराराचंही तसंच आहे. सही करायच्या आधी भाडेकरूच्या शब्दाला किंमत असते. जागा रिकामी असते, एजंटला दलाली हवी असते, मालकाला पहिल्या महिन्यापासून भाडं सुरू व्हायला हवं असतं. नोंदणीसाठी अंगठा टेकवला, डिपॉझिटचा चेक वटला आणि सुतार आत शिरला की पारडं फिरतं. त्या दिवसापासून तुमचे पैसे मालकाकडे आहेत आणि तुमचं फर्निचर त्याच्या भिंतींना ठोकलेलं आहे. नंतर धंदा अडचणीत आल्यावर सवलत मागायला जाणं म्हणजे हात जोडून उभं राहणं.

आणि मोजदाद आपण कशाची करतो? पाच वर्षांच्या अशा लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरायची परवानगी देणाऱ्या) करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. वरच्या गाळ्याचं भाडं पाच वर्षं तेवढंच धरलं तर भाडं 27 लाख, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के मानीव (म्हणजे मिळालं असं धरलेलं) व्याज, सगळं मिळून साधारण 7,100 रुपये मुद्रांक आणि शहरात 1,000 रुपये नोंदणी फी. आठ हजारांच्या या खर्चावरून मालक-भाडेकरूत तासभर घासाघीस होते. छतावर बोर्ड लावायचा की भिंतीवर, यावर अर्धा तास जातो. लॉक-इनचं कलम कुणी वाचतही नाही. त्या एका परिच्छेदात सोळा-सतरा लाखांची जबाबदारी असते.

ते कलम एकदा नीट वाचून पाहा. महाराष्ट्रात जो मसुदा सर्रास फिरतो, त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की लॉक-इनच्या काळात मालक जागा खाली करायला सांगणार नाही आणि घेणारा जागा सोडणार नाही. इथवर बरोबरी दिसते. पुढचं वाक्य वाचा. घेणाऱ्यानं कोणत्याही कारणानं जागा सोडली तर त्यानं लॉक-इनच्या उरलेल्या सगळ्या महिन्यांची फी, म्हणजे भाडं, भरायची. आणि मालकानंच मध्ये खाली करायला सांगितलं तर? तर त्यानं घेणाऱ्याला झालेल्या नुकसानीची आणि गैरसोयीची भरपाई द्यायची. किती, ते लिहिलेलं नाही. एका बाजूला रुपये-पैशांत मोजलेली रक्कम, दुसऱ्या बाजूला 'गैरसोय' हा शब्द. ताईंच्या करारात हेच होतं. मी तो करार सही झाल्यावर पाहिला, आधी पाहायला हवा होता, ही खंत मला अजून आहे.

बहुतेक दुकानदारांना आणखी एक गोष्ट माहीत नसते. आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, पण कागदावर आपण भाडेकरू नसतो. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची परवानगी. जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असं करारातच लिहिलेलं असतं. ही परवानगी 1882 च्या सुखाधिकार कायद्याखाली येते आणि त्या कायद्याप्रमाणे ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, करारात वेगळं लिहिलं असेल तरच करता येते. याचा व्यवहारातला अर्थ फार महत्त्वाचा आहे. धंदा सोडायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे चालता धंदा विकणं. ओटा, फ्रीज, नाव, गिऱ्हाईक, सगळं एका किमतीला दुसऱ्याला देणं. पण गाळ्याची परवानगीच देता येत नसेल तर विकायला उरतं काय? भंगाराच्या भावात फ्रीज. विकत घेणारा आधी मालकाला भेटतो, मालक म्हणतो की नवा करार, नवं डिपॉझिट, भाडं दहा हजारांनी जास्त, आणि व्यवहार तिथंच मोडतो. करार करतानाच एक वाक्य घातलं असतं की योग्य कागदपत्रं असलेला बदली माणूस आणला तर मालक उरलेल्या मुदतीसाठी त्याच अटींवर त्याच्याशी करार करेल, तर ताईंचा ओटा ताईंनाच विकता आला असता.

आता कुणी म्हणेल की एवढं घाबरायचं कशाला, कायदा आहे की. आहे. करारात लिहिलेला दंड जसाच्या तसा वसूल होत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेली रक्कम ही फार तर कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केलं. कलम 73 मध्ये आणखी एक तत्त्व आहे. नुकसान कमी करायचे उपाय हाताशी होते का, हेही पाहिलं जातं. दोन महिन्यांत गाळा पुन्हा भाड्यानं गेला असेल तर 22 महिन्यांच्या भाड्याचा दावा टिकवणं मालकाला सोपं नाही.

पण हे सगळं कोर्टात. आणि पैसे कुणाकडे आहेत? डिपॉझिट मालकाकडे आहे. ताईंनी कोर्टात जायचं, वकील करायचा, तारखा घ्यायच्या आणि दिवसा दुसरीकडे डबे करायचे. कायदा बाजूचा असूनही बायका-माणसं पैसे सोडून देतात ती या हिशेबामुळे. म्हणून कायद्यानं नंतर देऊ केलेल्या न्यायापेक्षा करारात आधी लिहिलेला आकडा छोट्या माणसाच्या जास्त कामाचा असतो.

टाळेबंदीत हेच दिसलं. मार्च 2020 मध्ये देशभरची दुकानं बंद झाली. आपण जागा वापरूच शकत नाही, मग भाडं कसलं, असा साधा प्रश्न दुकानदारांनी विचारला. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आलं आणि 21 मे 2020 ला निकाल लागला. अशा आपत्तीसाठी करारात तरतूद असेल तर तिचा आधार मिळेल. नसेल, आणि तुम्ही जागाही सोडलेली नसेल, तर केवळ टाळेबंदी होती म्हणून भाडं माफ होत नाही. जागा कायमची निकामी झाली तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, पण काही काळ दुकान बंद राहणं म्हणजे जागा निकामी होणं नव्हे. दिल्लीतला तो निकाल वाचल्यावर मी माझ्याकडचे जेवढे करार सापडले तेवढे काढून बसलो. आपत्तीचं कलम त्यातल्या दोनच करारांत होतं, आणि ते दोन्ही मोठ्या साखळी दुकानांना जागा देणाऱ्या मालकांचे छापील करार होते.

मालकाची बाजू मी सोडून देणार नाही, कारण ती खरी आहे. एका गाळ्याच्या भाड्यावर म्हातारपण काढणारे अनेकजण मला माहीत आहेत. आणि त्यांच्या मनातली भीती काही उगाच आलेली नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठली, पिढ्या गेल्या तरी गाळे परत मिळाले नाहीत. 1 फेब्रुवारी 1973 ला जे लायसन्सवर जागेत बसलेले होते, त्यांना कायद्यानं एका दिवसात संरक्षित भाडेकरू करून टाकलं. "एकदा बसला की उठत नाही" हे वाक्य त्या काळातून आलं आहे आणि आजही मालकाच्या कानात घुमतं. अकरा महिन्यांच्या कराराची सवय मात्र तो नोंदवावा लागत नाही या समजातून लागली. खरं तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही तर अटींबाबत घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाला ते खोटं पाडावं लागतं. तरी स्टँपपेपरवरचा नोटरी केलेला कागद अजून चालतोच.

त्याच कायद्याचं कलम 24 मालकांना फार आवडतं. मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, लवकर ताबा मिळतो, आणि जो उठत नाही त्याच्याकडून दुप्पट फी. पण हे कलम राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. गाळ्याला, ऑफिसला ते लागू नाही. गाळ्यातला माणूस मुदत संपल्यावर उठला नाही तर मालकाला लघुवाद न्यायालयात रीतसर दावा लावावा लागतो. त्याला किती वर्षं लागतात हे ज्यानं भोगलं त्यानं सांगावं.

म्हणजे पाहा, मालकाला भीती आहे की हा जाणारच नाही. घेणाऱ्याला भीती आहे की मला जाताच येणार नाही. दोघांची भीती एकाच दाराची आहे. मग दोघांनी मिळून त्या दाराची अट लिहायला काय हरकत आहे? घेणाऱ्यानं मालकाला पक्की तारीख द्यावी, त्या दिवशी चावी, त्यापुढे राहिल्यास दिवसाला दुप्पट भाडं. मालकानं त्याच्या बदल्यात बाहेर पडायची किंमत मर्यादेत ठेवावी. मी मध्यस्थी केलेल्या बोलण्यांमध्ये ही देवाणघेवाण मांडली की मालक ऐकतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना आजवर कुणी हे देऊच केलेलं नसतं.

काय लिहायचं? लॉक-इन मुदतीएवढं असू नये. मालकाचा खरा खर्च म्हणजे एजंटची दलाली, रंगरंगोटी आणि नवा माणूस मिळेपर्यंतचे रिकामे महिने. त्याला सहा ते नऊ महिन्यांचं लॉक-इन पुरतं. आणि लॉक-इनमध्ये सोडलंच, तरी भरपाई तीन महिन्यांच्या भाड्यावर जाऊ नये, किंवा नवा माणूस येईल त्या दिवशी थांबावी. मालकानं मध्ये उठवलं तर त्याच्या बाजूलाही तसाच आकडा हवा, आणि त्यात घेणाऱ्यानं फर्निचरवर केलेल्या खर्चाचा वर्षागणिक घटता हिस्सा हवा.

हे शेवटचं पुण्या-मुंबईत फार गरजेचं आहे, कारण इमारती पुनर्विकासाला जात आहेत. सोसायटीनं विकासक नेमला की गाळ्याच्या मालकाला नवा गाळा मिळतो, मधल्या काळाचं भाडं मिळतं. त्यात लायसन्सवर बसलेला, चार लाखांचं फर्निचर केलेला सलूनवाला कुठेच नसतो. त्याला एक नोटीस येते. म्हणून विचारा: सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झालाय का? जागा बँकेकडे गहाण आहे का, असल्यास बँकेची संमती आहे का? भोगवटा पत्रात (इमारत वापरायच्या पालिकेच्या दाखल्यात) वापर व्यावसायिक आहे का? हे विचारायला लाजू नका. मालकाला राग आला तर तो आधीच कळलेला बरा.

आपल्या हातात नसलेल्या कारणांची यादीही लिहावी: परवाना नाकारला गेला, पालिकेनं जागा सील केली, समोरचा रस्ता ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला, पाणी किंवा वीज महिनाभर आली नाही. यापैकी काही झालं तर लॉक-इन लागू नाही, एक महिन्याच्या नोटिशीवर सुटका. कंपनीच्या नावावर करार असून मालक तुमची व्यक्तिगत हमी मागत असेल, तर ती हमी चावी दिल्याच्या दिवशी संपते असं लिहून घ्या. न्यूयॉर्कमध्ये याला 'गुड गाय गॅरंटी' म्हणतात. ठरलेली नोटीस दिली, त्या दिवसापर्यंतचं भाडं भरलं, जागा झाडून-पुसून चावी दिली, की हमीदार तिथून मोकळा. घर गहाण पडण्याची टांगती तलवार नाही आणि मालकालाही जागा लवकर मोकळी मिळते.

डिपॉझिटवरून सगळ्यात कडू भांडणं होतात, आणि त्यात दोन्ही बाजू चुकतात. घेणारे शेवटचे तीन महिने भाडंच देत नाहीत, "डिपॉझिटमधून वळते करून घ्या" म्हणतात, ही वाईट सवय आहे. त्यामुळे वीजबिल, मोडतोड यांना काहीच शिल्लक राहत नाही आणि पुढच्या भाडेकरूकडून मालक आणखी डिपॉझिट मागतो. मालक रंगाचे, फरशीचे, नळाचे मनाला येतील ते पैसे कापतात. दोन्हींवर उपाय एकच: पहिल्या दिवशी फोटो आणि यादी, दोघांच्या सह्या. काय मालकाचं, काय घेणाऱ्याचं, काय काढून न्यायचं, काय राहू द्यायचं आणि त्याचे किती. चावी आणि उरलेलं डिपॉझिट एकाच बैठकीत, उशीर झाला तर व्याज. आणि जाणाऱ्यानं जीएसटी नोंदणीतून, दुकान कायद्याच्या नोंदीतून, खाद्य परवान्यातून तो पत्ता काढून टाकला पाहिजे. तो राहिला की दोन वर्षांनी नोटीस जुन्या गाळ्यावर येते आणि मालकाला त्रास होतो. हे मी कितीतरी वेळा निस्तरलं आहे.

हे सगळं व्यक्तीनं मागायचं म्हटलं तर ज्याच्याकडे वकील आहे त्यालाच मिळतं. भरलेल्या भागभांडवलाचा आकडा एक कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपन्यांना आपला भाडे नियंत्रण कायदा लागूच नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. त्यांचे करार साठ पानांचे असतात, त्यात बाहेर पडायच्या चार वाटा लिहिलेल्या असतात. पोळीभाजी केंद्राचा करार सात पानांचा असतो, इंग्रजीत असतो आणि एजंटच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून तयार असतो. म्हणून मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो.

इतर देशांनी यात लक्ष घातलं आहे. फ्रान्समध्ये दुकानाचा भाडेपट्टा किमान नऊ वर्षांचा असतो, पण भाडेकरूला साधारणपणे दर तीन वर्षांच्या टप्प्यावर सहा महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडता येतं. तिथले लोक त्याला 3-6-9 म्हणूनच ओळखतात. सिंगापूरनं 2023 मध्ये कायदा केला आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून दुकानांच्या करारांना एक आचारसंहिता बंधनकारक केली. ज्या ब्रँडच्या जोरावर दुकान थाटलं, त्याची फ्रँचायझी भाडेकरूच्या चुकीशिवाय गेली तर त्याला मुदतीआधी सुटण्याची वाट त्यात आहे. दोन्ही ठिकाणी मालमत्तेचे बाजार कोसळले नाहीत.

आपल्याकडेही पाया आहे. केंद्रानं 2021 मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात व्यावसायिक जागेचं डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्यापुरतं मर्यादित आहे आणि देणं-घेणं वजा करून ते ताबा घेण्याच्या दिवशीच परत करायचं आहे. महाराष्ट्रात करारांची ऑनलाइन नोंदणी रुळली आहे. तिथं आधार लागतं, फोटो लागतो, अंगठा लागतो. त्याच रांगेत, समजा 1,000 चौरस फुटांच्या आतल्या व्यावसायिक जागांसाठी, मराठीत एक पान सक्तीचं करा: 'जागा सोडताना'. लॉक-इन किती, मध्ये सोडल्यास कमाल रक्कम किती, मालकानं उठवल्यास किती, डिपॉझिट कधी, बदली माणूस चालेल का. आकडा भरल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. दोघांनी काहीही आकडा भरावा, तो त्यांचा हक्क. पण तो पाहून, बोलून भरावा. लॉक-इनच्या भरपाईला मात्र छोट्या जागांपुरती कायद्यानंच मर्यादा घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर एक आक्षेप मी वारंवार ऐकतो. बाहेर पडणं इतकं सोपं केलं तर लोक उठसूट दुकानं टाकतील आणि पळतील, मालक भाडी वाढवतील. थोडं भाडं वाढेलही. पण 45,000 ऐवजी 46,500 देऊन बाहेर पडायची खात्री मिळत असेल तर ताईंनी ते आनंदानं दिलं असतं. आणि पळण्याचं म्हणाल तर, ज्यानं स्वतःच्या पैशांनी ओटा बांधला तो लहर आली म्हणून जात नाही. उलट बाहेर पडायची वाट ठाऊक असेल तर माणूस हिंमत करतो. कोथरूडच्या त्या ताईंनी पुन्हा दुकान घेतलं नाही. हाताला एवढी चव असलेली बाई आज घरातून वीस डबे करते आणि गाळ्याचं नाव काढलं तरी मान हलवते.

गेल्या महिन्यात चिंचवडची एक मुलगी करार घेऊन आली. ब्लाउज आणि मुलांचे कपडे शिवते, तीन मशिनी आहेत, चौथी घ्यायची आहे. गाळ्याचे मालक निवृत्त शिक्षक. लॉक-इन 36 महिने लिहिलेलं होतं. मी तिला सांगितलं, मालकांनाच घेऊन ये. सर आले, आधी थोडे नाराज होते. मी दोन्ही भीती समोर मांडल्या. सर बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले की आधीचा भाडेकरू मुदत संपल्यावर अकरा महिने उठला नव्हता. मुलीनं लगेच विचारलं, "मी सुटायची तारीख लिहून दिली तर?" नऊ महिन्यांचं लॉक-इन ठरलं, पुढे दोन महिन्यांची नोटीस, मध्येच सोडलं तर जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, आणि तारखेपुढे राहिल्यास दिवसाला दुप्पट. दुप्पटचा आकडा तिनं स्वतःच सुचवला.

ताबा घ्यायच्या दिवशी मी गेलो होतो. मुलगी मोबाइलवर भिंतींचे फोटो काढत होती. सर मागून आले, चष्मा वर केला आणि दाराजवळची एक फरशी पायानं दाबून पाहिली. "ही आधीपासून तडकलेली आहे," ते म्हणाले, "हीसुद्धा लिहा." मग दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग वाचलं.